मलिकाचा शेर

"गाणं मी रचलंय," मलिका म्हणाली.

हितेशनं मोबाईलमधून मान वर केली. पेणच्या याच ऑफिसातून त्यानं तिच्या नवऱ्याला, नावेदला, आखातात कामाला धाडलं होतं. तिथल्या कंपनीनं कामगारांचे पासपोर्ट कपाटात कोंडून ठेवले. घरी बाप वारला तरी कुणाला सोडेनात. शेवटी माणसं काम बंद करून कॅम्पच्या अंगणात बसली. आरडाओरडा नाही, काही नाही. नावेद एक ओळ म्हणायचा, बाकीचे त्याच्यामागून:

उन्हात बसलो हाव आमी, हातात दगड नाय,
पासपोट दे, घरी धाड, दुसरी गडबड नाय.

व्हिडिओ फिरला आणि तिथल्या पोलिसांनी सगळ्यांना उचललं. जे नुसते बसले होते, त्यांना मायदेशी धाडणार होते. गाणं रचणाऱ्याला मात्र कैद.

"नावेद तर सांगतो, माझंच हाय."

"मला वाचवाया सांगतो. त्याला दोन ओळी जुळवाया येत नायत, हितेशभाऊ. आपल्या गावातनं, अष्टमीतनं, मी फोनवर सांगायची, तो पाठ करायचा."

"भाभी, नवऱ्याला सोडवायला कुणीपण असं म्हणेल. ते मानणार नायत."

"पुढचा शेर हाय ना माझ्याकडं. त्याला सांगायचाच रायला. हा दुसरं कोण सांगंल?"

हितेशनं मोबाईल तिच्यासमोर धरला. मलिकानं ओढणी सारखी केली. मग एका दमात शेर म्हटला.

कपाटात कोंडलास मुलूख माझा, मानूस कोंडशील काय?
घराकडं तोंड करून बसलोय, तोंड फिरवशील काय?

हितेशनं तो व्हिडिओ कंपनीच्या माणसाला पाठवला आणि चहा मागवला. मलिकाला पहिल्यांदाच वाटलं, नावेद येईल. आल्यावर भांडेल, कशाला मधे पडलीस म्हणेल. भांडू दे.

चहावर साय धरली, तेव्हा उत्तर आलं. हितेशनं वाचलं. परत वाचलं.

"पटलं ना त्यांना?"

"भाभी, हा शेर नावेदनं तिकडं कधी म्हटला नव्हता ना?"

"नाय. त्याला ठावंच नाय."

हितेशनं मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"तोपण त्याच्याच नावावर लिहून घेतलाय त्यांनी."