अनसूयेची सही

तिसऱ्यांदा कागद पुढे सरकवला, तरी अनसूयाबाईंनी पेन हातात घेतलं नाही. त्या मिरच्यांची देठं खुडत बसल्या.

“आई, एक सही आहे गं,” स्वानंद म्हणाला. “पोस्टात करतेस तशीच.”

“पोस्टातलं येगळं.”

क्षितिजा ओशाळून हसली. ट्रेडमार्कची कामं करणारी ही मुलगी पुण्याहून कासार आंबोलीला दुसऱ्यांदा आली होती, आणि आजही नुसता चहा पिऊन परत जायची चिन्हं दिसत होती.

‘अनसूया काळा मसाला’ स्वानंदच्या भुकूमच्या दुकानात सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. नव्या सोसायट्यांतल्या नोकरदार बायका गावी जाताना बॅगेत चार-चार पुड्या टाकत. कुणी तोंडावर तारीफ केली की अनसूयाबाईंचं उत्तर ठरलेलं: “हात माझा हाय. चव माझी न्हाई.” लोकांना तो विनय वाटे आणि स्वानंदला कौतुक.

आता दुसऱ्याच कुणीतरी याच नावाच्या पुड्या बाजारात आणल्या होत्या. आत नुसता भुसा. नाव नोंदवल्याशिवाय त्याला आवरायचं कसं?

“काकू, जिवंत माणसाचं नाव नोंदवायचं तर त्याची लेखी संमती मागतात,” क्षितिजा समजावत होती. “तुमचं नाव तुमच्याकडेच राहणार आहे.”

“मी तवाच म्हनले हुते, देवाचं नाव घाल.”

“देवाच्या नावाचे ढीगभर मसाले आहेत,” स्वानंद म्हणाला. “बापाच्या नावाच्या पाट्या गावभर लागतात. आईचं नाव कुठं लागतं? मला आईचंच पाहिजे.”

हे तो मनापासून बोलत होता. पुडीवर ते नाव पाहिलं की त्याला अजूनही भरून येई. एकुलता एक पोर. गोवरात आठ दिवस आईने त्याला मांडीवरून खाली ठेवला नव्हता, हे गावातले लोक आजही सांगत.

अनसूयाबाईंचा हात गळ्याशी गेला. काळ्या दोऱ्यात चांदीचा छोटा टाक होता. त्यावरच्या बाईचे नाकडोळे कधीच झिजून गेले होते. चार वर्षांपूर्वी स्वानंदचे वडील वारले तेव्हा गळ्यातलं बाकी सगळं उतरलं, हा तेवढा राहिला. कुलदेवीचा असेल, असं स्वानंद धरून चालला होता. मसाला कुटून आला की पहिली चिमूट त्या टाकाला लावल्याशिवाय त्या डबा भरू देत नसत.

“लग्नाआधीचं नाव वेगळं होतं का, काकू?” क्षितिजाने सहज विचारलं. “कागदपत्रांसाठी विचारतेय.”

“सगुना. हितं आले तवा सासूनं ताटातल्या तांदळावर अनसूया लिवायला लावलं.”

स्वानंदला एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. “अगं, एवढंच ना? मग सगुणा मसाला काढू! पुड्या नव्या छापू.”

“माझ्या नावाचं काय घिऊन बसलास,” त्या पुटपुटल्या. “पुडीवरचं हाय ते ऱ्हाऊ दे. पर मी सही करनार न्हाई.”

आता मात्र तो चिडला. “सख्ख्या आईच्या एवढ्या विनवण्या करायच्या! परकी बाई असती तर कधीच सही करून मोकळी झाली असती.”

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. अनसूयाबाईंच्या हातातली मिरची सुपात पडली. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याला फाटकात सोडून अशाच बघत उभ्या राहिल्या होत्या.

मग त्या क्षितिजाकडे वळल्या.

“पोरी, आन् नावाची मालकीन मेलेली असली तर? सही कुनाची?”

“काकू, असं काय बोलता!”

“सांग की.”

“वारसांची. पण तीही माणूस जाऊन वीस वर्षं झाली नसतील तरच. त्याहून जुनं असेल तर कुणाचीच संमती लागत नाही.”

“कुनाचीच न्हाई?”

“नाही.”

अनसूयाबाईंनी पदराला हात पुसले. गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. तो टाक त्यांनी स्वानंदच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं एकेक करून मिटवली, आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

“मग त्यो कागद ऱ्हाऊ दे, बाळा,” त्या म्हणाल्या. “ही टाकातली अनसूया जाऊन बेचाळीस वर्सं झाली. तू दीड म्हैन्याचा हुतास.”