गप बसणारा माल

शिरूरचं कार-ऑडिओचं दुकान नवऱ्यामागं सुवर्णाच चालवत होती. जुना माल आणून देणारा माऊली हा नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. भर दुपारी त्यानं एक वापरलेला अँप्लिफायर काउंटरवर ठेवला.

"शिक्रापूरच्या एका गाडीतला हाय, वहिनी. एकदम ओके."

सुवर्णानं नवऱ्याच्या पद्धतीनं बॅटरी आणि स्पीकर जोडला, पण गाण्याची वायर लावली नाही. चांगला माल अशा वेळी गप बसतो, असं तो म्हणायचा.

हा गप बसला नाही. स्पीकरमधून इंडिकेटरची टिकटिक येऊ लागली.

"जुना हाय, करायचाच आवाज," माऊली म्हणाला.

टिकटिकीमागून कुणीतरी धापा टाकत बोललं. "माऊली, दार आतनं उघडंना. बाहेरनं वढ. आरं, कुठं चाललास?"

आवाज नवऱ्याचा होता. कासुर्डीजवळ त्याची गाडी उलटली तेव्हा माऊली दौंडला होता. निदान दहाव्याला तिच्यासमोर बसून रडताना त्यानं तसंच सांगितलं होतं.

सुवर्णानं त्याच्याकडं पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

"वहिनी, बॅटरीची वायर काढा."

"कवाच काढलीया," ती म्हणाली आणि हातातली वायर तिनं त्याला दाखवली.

माऊली दाराकडं वळला, तशी टिकटिक थांबली. रोज संध्याकाळी दुकान आवरताना नवरा बोलायचा, तितक्याच शांतपणे स्पीकर बोलला.

"सुवर्णा, शटर आतनं वढ."