तिसऱ्या डब्यातली खरखर

“आई, ओळ बदलू नको गं!” राकेशने कानांवर हेडफोन चढवला. “तिन्ही डब्यांवर तीच ओवी म्हणायची. नाहीतर कुठला चांगला, हे मला कळणार कसं?”

लताबाईंनी नुसती मान हलवली. बोलणं त्यांना परवडत नव्हतं. परवा ऑपरेशन होतं. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ज्या आवाजासाठी एकलहरे कॉलनीतल्या बायका हळदीला लवकर येऊन जागा धरायच्या, तो आवाज आता दोन दिवसांचा पाहुणा होता.

राकेश वीजकेंद्रातून ड्युटी करून आला की आतल्या खोलीत बसायचा. खिडकीला गादी उभी केली की झाला स्टुडिओ. गल्लीतल्या सगळ्यांची गाणी त्याने रेकॉर्ड केली होती, फक्त आईची राहिली होती. आई काय, घरातच होती! आता तहान लागल्यावर विहीर खणणं चाललं होतं, आणि त्यातही विहिरी तीन. बंद पडलेल्या स्टुडिओंतून, ऑर्केस्ट्रावाल्यांकडून त्याने तीन जुने प्रीॲम्प मागून आणले होते. माइकमधला बारीक आवाज मोठा करून कॉम्प्युटरला देणारे लोखंडी डबे. प्रत्येकाचा गोडवा म्हणे वेगळा. आईचा आवाज सगळ्यात गोड डब्यातूनच जायला हवा, असा त्याने हट्टच धरला होता.

पहिला डबा घुमत होता. दुसरा बरा, पण जरा कोरडा. दर वेळी राकेश डोळे मिटून डब्याकडे कान लावायचा.

“शेवटचा डबा, आई. पहिलीच ओवी म्हण.”

लताबाई कोमट पाणी प्यायल्या आणि गायल्या. शेवटी शेवटी आवाज फाटत गेला.

“ह्याला खरखर फार,” म्हणत राकेशने वायर उपटली. “दुसराच ठेवू. चल आई, आता खरं रेकॉर्डिंग. सगळ्या ओव्या, पहिल्यापासून.”

लताबाईंनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा हवाच.

“आई, एक ओळ. एकच ओळ गं!” राकेश रडत तिच्या पायाशीच बसला.

तेजल स्वयंपाकघरातून धावत आली. नवऱ्याला असं रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

“गेलं सगळं, तेजल. मी नुसता डबे तपासत बसलो.”

लताबाईंनी त्याची बाही ओढली आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

“त्यात काही नाही, आई. नुसत्या टेस्ट आहेत.”

त्यांनी टेबलावर बोट आपटलं.

“अहो, लावा तरी,” तेजल म्हणाली. “आई सांगतायत ना.”

त्याने तिन्ही टेस्ट ओळीने लावल्या, आणि पहिल्यांदाच शब्दांकडे कान दिला. घुमणाऱ्या डब्यात पहिली ओवी होती, गेलेल्या सावळीरामाच्या, त्याच्या बापाच्या नावाची. कोरड्या डब्यात दुसरी होती, सून तेजल आणि नात पिंकीची. मग खरखर सुरू झाली.

“तिसरी माझी ओवी, राकेश माझ्या बाळा,
तुझ्यापाशी ठेवते रे माझा उरलेला गळा.”