चिंचेखालची खाट

उन्हाळा लागला की थोरले दीर शहरातून गावी यायचे आणि धाकट्या भावजयीला म्हैस उन्हात बांधावी लागायची, कारण अंगणातल्या चिंचेखाली त्यांची खाट पडायची. तिथं लोळत ते फोनवर मित्रांना सांगायचे, "स्वर्ग आहे रे स्वर्ग! या सावलीपुढे एसी झक मारतो." स्वर्गात तासातासाला चहा कोण आणून देतं, ते मात्र कधी सांगायचे नाहीत.

यंदा एका दुपारी दोन लाकूडतोडे दारात येऊन उभे राहिले.

"झाड माझ्या वाटणीचं," दीर खाटेवरूनच म्हणाले. "विकून टाकलं. लाकडाला भाव बरा आलाय."

"अहो भाऊजी, मग आम्ही उन्हाळा काढायचा कुठे?"

"पंखा घ्या की एखादा!"

लाकूडतोड्यानं कुऱ्हाड उगारली तसे दीर ताडकन उठून बसले. "अरे, थांब, थांब!"

शेवटी जीव तुटला म्हणायचा झाडासाठी, असं तिला वाटलं.

"ऊन उतरल्यावर तोडा. माझी झोप व्हायचीय अजून."

तिनं म्हैस सोडून आणली आणि चिंचेला बांधली. दिरांना उठवून खाट फरफटत नेली, ती भर उन्हात टाकली.

"झोपा इथंच, भाऊजी. उद्यापासून आमची सावली हीच."