मॅगझिन टेकवायची नाही

सोलापूरच्या माळावर पोलिसांचा गोळीबाराचा सराव चालला होता. स्पर्धेच्या संघात एकच जागा रिकामी होती आणि शिपाई दाक्षायणीला ती हवी होती. पालथं पडून नेम धरताना तिनं रायफलखालची गोळ्यांची मॅगझिन जमिनीला टेकवली, तसा सराव घेणारा जोतिराम उस्ताद अंगावर धावून आला.

"ए वळसंगच्या बाई, उचल ती! टेकवली की गोळी अडकती. हितं ज्वारी खुरपायला आलीस व्हय?"

"तुमची कवा अडकली, उस्ताद?"

"मी टेकवतोय कशाला?"

तिनं टेकवूनच पाच गोळ्या मारल्या. पाचही सुटल्या आणि पाचही काळ्या वर्तुळात बसल्या. मागची पोरं फिदीफिदी हसली, तशी उस्तादाच्या मिशीला आग लागली.

"नशीब हाय बाईचं! सरक, अडकती कशी ते दावतो." रायफल हिसकावून त्यानं पाच गोळ्या भरल्या, पोट सावरत तो पालथा पडला आणि मॅगझिन मातीत चांगली रुतवली. एकही गोळी अडकली नाही. उलट, ज्याच्या गोळ्या आजवर टार्गेट सोडून मागच्या ढिगाऱ्यात जायच्या, त्या उस्तादाच्या पाचही गोळ्या काळ्यात बसल्या.

उस्ताद उठला, गुडघे झाडले, टार्गेटकडं दोनदा बघितलं आणि तिच्यावरच डाफरला, "बघितलंस? अशी वाईट सवय लागती."

संध्याकाळी दाक्षायणीला हुकूम मोडल्याबद्दल ताकीद मिळाली. संघातली जागा उस्तादाला मिळाली. साहेब म्हणाले, असा नेम जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नाही.