नुसत्या आवाजावरून

बायकोने, म्हणजे शिनयीने, माझ्या डोळ्यांवर 'गुड मॉर्निंग' छापलेला टॉवेल करकचून बांधला. "तुझा तो महागडा म्युझिक प्लेअर कुठला आणि साधा फोन कुठला, नुसत्या आवाजावरून ओळख. चुकलास तर प्लेअर विकायची जाहिरात टाकणार. लिहून तयार आहे."

माझ्या कानात इअरफोन होतेच. तिने वायर जोडून काहीतरी माझ्या शर्टाच्या खिशात टाकलं. वीट टाकावी तसा खिसा पोटापर्यंत लोंबला. मी लगेच मान डोलावू लागलो.

"आहाहा! काय ती खोली, काय तो मोकळेपणा! हाच प्लेअर!"

"बरोबर." तिने जाहिरात खोडली. माझा जीव भांड्यात पडला. तिने कॉफीचा घोट घेतला. "फक्त गाणं मी अजून लावलंच नव्हतं."

"मग तेच तर सांगतोय! फोनवर शांतता इतकी स्वच्छ ऐकू येते का कधी?"