घाईचा डाव

दुसऱ्याच खेळीला त्याने प्यादं फुकट देऊन टाकलं होतं. ती खेळी मांडताना सरांचा हात बुद्धिबळाच्या पटावरच थांबला.

त्यांचाच विद्यार्थी. डावाला बसला की बूड हलायचं नाही पठ्ठ्याचं. सुरुवात नेहमी एकच, सुस्त आणि भक्कम. आधी प्याद्यांची भिंत, मग राजा कोपऱ्यात, मग बाकीचं जग. समोरचा कंटाळून चुका करायचा. "तुझा डाव संपेपर्यंत मला पेन्शन लागेल रे," असं सर चिडवायचे. आणि त्या दिवशी स्पर्धेत हाच पोरगा प्यादं उधळून थेट हल्ल्यावर निघाला होता. डाव लवकर आटपायचा असला की लोक अशी सुरुवात करतात.

समोर त्याची आई बसली होती. त्या स्पर्धेहून घरी परतताना ट्रकने त्याच्या स्कूटरला उडवलं, त्याला वर्ष होत आलं होतं. आज ती त्याच्या शेवटच्या डावाच्या खेळ्या उतरवून घेऊन आली होती.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही, सर. एवढंच सांगा, तो घाईत होता का? सकाळी मीच म्हटलं होतं, पाहुणे यायचेत, लवकर ये."

सर खेळ्या मांडत शेवटापर्यंत गेले. डाव हातात आला होता. आणखी थोडा वेळ बसला असता तर जिंकलाच असता. त्याने स्वतःहून बरोबरी मागितली होती आणि तो उठला होता.

पटासमोर बसून सर कधी खोटं बोलले नव्हते.

"छे हो ताई, घाई कसली? हा डाव जिंकण्यासारखा नव्हताच. हा हत्ती पुढे नेला असता तर फुकट गेला असता. बरोबरी केली तेच शहाणपणाचं."

आई पटावर वाकली. मग तिने घोडा उचलून अलगद पुढे ठेवला.

"आधी घोड्याचा शह, सर. राजा सरकला की मग हत्ती."

सरांना मान वर करवेना.

"त्याच्याच पुस्तकांवरून शिकले. रोज हा डाव मांडते. रोज जिंकतो तो." तिने पदराने डोळे पुसले. "घाई नव्हती, असं एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, म्हणून आले."